माकडताप आणि काजूची मजुरी

(काजूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या आजाराविषयी आज मला बोलायचे आहे त्याला आपल्याकडे माकडताप असे नाव पडले आहे. कानडी मुलखातही याच अर्थाचे नाव रूढ आहे. नाव सोयीचे आहे, पण त्यामुळे दोष भलत्याच्याच माथी जातो. माकड हा आजार माणसाला देत नाही. माकडालाही तो माणसासारखाच होतो आणि माणसापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात ते त्याने मरते. आजार देते ती गोचीड. आणि ही गोचीड चावते कोणाला, असा प्रश्न विचारला की विषय केवळ वैद्यकाचा राहत नाही. माजघरात बसणाऱ्याला ती चावत नाही. पाचोळ्यात वाकून काजूची बी वेचणाऱ्या बाईला, सरपणाची मोळी आणणाऱ्या मुलीला, गुरांमागे रानात फिरणाऱ्या गुराख्याला आणि बागेतील झुडपे तोडणाऱ्या मजुराला ती चावते. जमिनीचे, धरणांचे, भावांचे प्रश्न हाताळणाऱ्या शिबिरात या विषयासाठी एक तास मागून घेतला तो एवढ्याचसाठी.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९५७ सालच्या आरंभी, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर नावाच्या जंगलात वानरे व माकडे मरून पडू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसे कडक तापाने अंथरुणाला खिळली. पुण्यास १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे, संशोधक तेथे धावले. पहिली शंका पीतज्वराची आली, कारण दक्षिण अमेरिकेतील रानांत पीतज्वराने माकडे अशीच मरतात. पीतज्वर आशियात शिरलेला नव्हता, त्यामुळे धास्ती मोठी होती. ती शंका खोटी ठरली. सापडलेला विषाणू अगदी नवा होता. त्याचे जवळचे नातलग निघाले ते रशियाच्या जंगलांत गोचिडींमार्फत मेंदूचा ज्वर पसरवणारे विषाणू. ज्या जंगलात तो प्रथम हाती लागला त्याचेच नाव त्याला मिळाले आणि वैद्यकाच्या पुस्तकांत तो क्यासनूर जंगलाचा आजार म्हणून नोंदला गेला.

आपल्यापैकी जुन्या साथींना तो मुलूख दुसऱ्या कारणाने ठाऊक असेल. सोरबला लागूनच असलेल्या सागर तालुक्यातील कागोडू येथे १९५१ साली कुळांनी जमीनदारांविरुद्ध सत्याग्रह केला, डॉ. राममनोहर लोहिया तेथे गेले आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी त्याच टापूत हा आजार उघडकीस आला. दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण ज्याच्याकडे पुरेशी जमीन नाही त्याला सरपण, पाला, चारा आणि मजुरी यांसाठी रानावर अधिक अवलंबून राहावे लागते, आणि म्हणून रानातील आजार आधी त्याच्या दारी येतो, एवढे सत्य त्या दोन घटनांमधून दिसते.

आता या गोचिडीचे चरित्र पाहू. ते नीट समजले की पुढील सर्व सूचना पाठ करण्याची गरज उरत नाही. त्या आपोआपच सुचतात.

जंगलातील गोचिडीच्या अनेक जाती आहेत. या आजाराशी मुख्य संबंध असलेल्या जातीचे शास्त्रीय नाव हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिच्या आयुष्याचे तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर तिला एकदा पोटभर रक्त लागते. पावसाळा सरता सरता अंड्यांतून सहा पायांची पिले निघतात. ती इतकी बारीक असतात की डोळ्यांना धुळीच्या कणांसारखी दिसावीत. ही पिले उंदीर, चिचुंद्री, खार अशा लहान प्राण्यांवर, तसेच जमिनीवर उतरलेल्या माकडांवर चढतात, रक्त पितात, गळून पडतात आणि कात टाकून अर्धवाढ, आठ पायांची होतात. ही अर्धवाढ गोचीड खसखशीच्या दाण्यापासून तिळापर्यंतच्या आकाराची असते. नोव्हेंबरपासून मेपर्यंत तिचा सुळसुळाट असतो आणि माणसाला बहुधा हीच चावते. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात दिसते. ती गाईम्हशींसारख्या मोठ्या जनावरांवर पोसते आणि मग पाचोळ्यात हजारो अंडी घालते.

पहिल्या टप्प्यावर रक्त पिताना विषाणू पोटात गेला, तर कात टाकल्यावरही तो तिच्या अंगात टिकून राहतो. माकडाच्या रक्तात आजारपणी हा विषाणू फार मोठ्या प्रमाणावर असतो. असे माकड झाडाखाली मरून पडले की त्याच्या अंगावरील गोचिडी थंड होणारे शरीर सोडून आसपासच्या पाचोळ्यात उतरतात. ती जागा मग काही काळ सुरुंग पेरलेल्या शेतासारखी होते. माणूस मात्र या साखळीचे शेवटचे टोक आहे. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही. तेव्हा आजाऱ्याला वाळीत टाकणे, त्याचे भांडे वेगळे ठेवणे, त्याच्या घरी जाणे टाळणे या गोष्टींना कसलाही आधार नाही, हे वाडीवाडीवर स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

गोचीड उडत नाही आणि उडीही मारत नाही. गवताच्या पात्यावर, पाचोळ्याच्या टोकावर ती पुढचे पाय पसरून वाट पाहते. प्राण्याचा श्वास आणि ऊब तिला कळते. अंगाचा स्पर्श झाला की ती चिकटते आणि मग पातळ कातडीची जागा शोधत वर सरकते. चावा दुखत नाही, कारण तिच्या लाळेत कातडी बधिर करणारे द्रव्य असते. डास चावला तर हात आपोआप जातो. गोचीड चावल्याचे मात्र संध्याकाळी, कित्येकदा दुसऱ्या दिवशी कळते.

आता तिचा हंगाम आणि आपला हंगाम शेजारी ठेवून पाहा. डिसेंबर-जानेवारीत काजूच्या बागांची बेणणी होते, झाडांखालील पाला-झुडपे साफ केली जातात. फेब्रुवारीच्या सुमारास बी पडू लागते आणि मेपर्यंत वेचणी चालते. काजू झाडावरून तोडायचा नसतो. पिकून पडलेला बोंडू उचलायचा, पिळून बी वेगळी करायची, आणि हे सर्व पाचोळ्यात वाकून किंवा उकिडवे बसून. दुपारची भाकरीही त्याच झाडाखाली. भातशेतीसाठी तरवा भाजायला लागणारा पातेरा याच दिवसांत गोळा होतो, पावसाळ्याचे सरपणही याच दिवसांत भरले जाते. अर्धवाढ गोचीड ज्या महिन्यांत माणसाची वाट पाहते, नेमक्या त्याच महिन्यांत कोकणातला गरीब माणूस रानात सर्वाधिक वेळ वाकलेला असतो. या आजाराचे सारे अर्थशास्त्र एवढ्या एका वाक्यात आले.

काजूचा आणि या तापाचा संबंध आपल्याकडेच प्रथम आला असेही नाही. १९८२-८३ साली दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात, निडले गावच्या परिसरात, काजूच्या लागवडीसाठी जुने जंगल साफ करण्यात आले आणि त्यानंतर तेथे या आजाराची मोठी साथ उसळली. हजारावर माणसे आजारी पडली आणि कित्येक दगावली. मार्क निक्टर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९८७ साली त्या साथीवर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच या आजाराला विकासाचा आजार म्हटले आहे. त्याही आधी, १९६९ साली, जोर्गे बोशेल या शास्त्रज्ञाने शिमोग्यातील अनुभवावरून दाखवून दिले होते की जंगल तुकड्यातुकड्यांनी तोडून मध्ये शेते आली, त्यांच्याबरोबर माणसे व गुरे जंगलाच्या आत चरू लागली, की पूर्ण वाढलेल्या गोचिडीला मुबलक खाद्य मिळते आणि तिची संख्या भरमसाट वाढते. जो विषाणू घनदाट रानात उंदीर-चिचुंद्रींमध्ये निमूटपणे फिरत होता, त्याला आपण रानाची कड वाढवून बाहेर येण्यासाठी शेकडो वाटा करून दिल्या. विकासाला माझा विरोध नाही. परंतु झाडे तोडण्याचा ठेका ज्याला मिळतो त्याला ताप येत नाही, हे त्या हिशेबात कोणी तरी लिहून ठेवले पाहिजे.

१९५७ नंतर बरीच वर्षे हा आजार कर्नाटकाच्या काही जिल्ह्यांपुरता आहे असे मानले जात होते. २०१२ नंतर चित्र बदलले. त्या वर्षाच्या अखेरीस बंदीपूरच्या जंगलात माकडे मेली आणि त्यांची विल्हेवाट लावणारे वनकामगार आजारी पडले. पाठोपाठ निलगिरीतील मेलेल्या माकडांत विषाणू सापडला. २०१३ साली केरळातील वायनाडमध्ये रुग्ण आढळला आणि २०१५ साली तेथे शंभरावर माणसे, त्यांत मोठ्या संख्येने आदिवासी, आजारी पडली. २०१५ सालीच गोव्यातील सत्तरी तालुक्यात पाली गावी काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना तो झाला. २०१६ साली तो आपल्या दोडामार्ग तालुक्यात निश्चित झाला, आणि त्यानंतर सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात. २०१९ साली सागर तालुक्यातील अरळगोडू परिसरात पुन्हा बळी गेले. याचा अर्थ विषाणू गावोगाव चालत आला असा घ्यावा, की तो पूर्वीपासूनच होता आणि तपासणीची साधने आल्यावर दिसू लागला असा घ्यावा? मला दोन्हींत तथ्य वाटते. दोडामार्गात केळी, अननस, रबर यांच्या लागवडीसाठी डोंगर कसे उघडे पडले ते तुम्हाला मी सांगायला नको. सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव पट्ट्यात वृक्षतोडीवर २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाला बंदी घालावी लागली, एवढे पुरेसे आहे.

आता प्रत्यक्ष चावा. रानातून परत आलेल्या माणसाने काय करावे?

पहिली गोष्ट, घरात किंवा मांगरात शिरण्याआधी अंगावरचे कपडे उतरवावेत आणि ते कढत पाण्यात टाकावेत. दारामागच्या खुंटीवर टांगलेल्या कपड्यांतून गोचीड घरातील मुलाच्या अंगावर जाते. दुसरी गोष्ट, साबण लावून ऊन पाण्याने आंघोळ, आणि आंघोळ करताना सर्व अंगावरून हात व नजर फिरवणे. काखा, जांघा, गुडघ्यामागची लवण, कंबरेवर नाडीची वा साडीच्या निऱ्यांची जागा, छातीखालची वळी, कानामागे व केसांच्या कडेला. या जागा गोचिडीला प्रिय आहेत. पाठ दुसऱ्याने पाहावी. अंगावर नुसती फिरणारी बारीक गोचीड चिकटपट्टीने टिपता येते.

रुतलेली गोचीड काढायची ती बारीक टोकाच्या चिमट्याने. कातडीच्या अगदी लगत, तिच्या तोंडापाशी, चिमट्याने धरावे आणि न पिळता, न हिसकता, सावकाश सरळ वर ओढावे. फुगलेल्या पोटाला धरून दाबले तर तिच्या पोटातील द्रव जखमेत जातो. चिमटा नसेल तर बोटांवर प्लास्टिकचा तुकडा किंवा कापड घ्यावे. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तरी सुईने उकरू नये. अंग तो हळूहळू बाहेर टाकते. मग जागा साबणाने धुवावी, हात धुवावेत. काढलेली गोचीड नखावर चिरडण्याची आपली जुनी सवय आहे, ती सोडावी. साबणाच्या कढत पाण्यात बुडवून किंवा चिकटपट्टीत बंद करून तिची वाट लावावी.

विडीचे जळते थोटूक टेकवणे, रॉकेल ओतणे, चुना किंवा तंबाखू लावणे हे उपाय मी गावोगाव पाहिले आहेत. जनावराच्या अंगावरची गोचीड अशी सोडवली जात असेल. माणसाच्या बाबतीत हे उपाय घातक आहेत. चिडलेली गोचीड सुटण्यापूर्वी अधिक लाळ जखमेत सोडण्याची भीती असते, आणि शिवाय कातडी भाजते ती वेगळीच. तसेच, गोचीड वेळेवर निघाली म्हणजे धोका संपला, असेही समजू नये. विषाणू तिच्या लाळेतच असल्याने तो थोड्या वेळातही शरीरात जाऊ शकतो. म्हणून ज्या दिवशी गोचीड सापडली ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि पुढील दोन आठवडे लक्ष ठेवावे. ही तारीख पुढे डॉक्टरला आणि, कसे ते सांगतोच, वकिलालाही उपयोगी पडते.

रानात जाताना फिक्या रंगाचे, अंगभर कपडे घालावेत म्हणजे गोचीड दिसते. पायजमा मोज्यांत खोचावा. गमबूट मिळाले तर उत्तम. उघड्या अंगाला डेपा नावाचे तेल लावावे. ते संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेने तयार केले असून, कर्नाटकात सरकारमार्फत गावांत वाटले जाते. त्याचा प्रभाव काही तासच टिकतो, तेव्हा सकाळी एकदा लावून दिवसभर निर्धास्त राहता येत नाही. दुपारी पुन्हा लावावे लागते. करंजाच्या किंवा निंबाच्या तेलावर विसंबून राहू नये. पाचोळ्यावर थेट बसू नये. बसायला आणलेले पोतेही घरी नेण्यापूर्वी कढत पाण्यातून काढावे.

गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी आजार एकाएकी सुरू होतो. थंडी वाजून कडक ताप, कपाळात असह्य ठणका, कंबर व पोटऱ्या पिळवटून निघतील असे दुखणे, डोळे लाल, उलट्या, जुलाब. काहींच्या हिरड्यांतून व नाकातून रक्त येते. बहुतेक रुग्ण आठवड्या-दोन आठवड्यांत उतरणीला लागतात, पण काहींना मधे बरे वाटून पुन्हा ताप येतो आणि या दुसऱ्या फेरीत मान ताठणे, हातपाय कापणे, भ्रम होणे अशी मेंदूवरील परिणामांची लक्षणे दिसतात. ताप गेला म्हणून तिसऱ्याच दिवशी टोपली उचलून बागेत जाणाऱ्या माणसाला अडवावे लागते ते यासाठी. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीन ते पाच आहे. जे बरे होतात त्यांचाही अशक्तपणा कित्येक आठवडे जात नाही, म्हणजे हंगाम गेलाच.

या विषाणूवर नेमके औषध नाही. शरीरातील पाणी राखणे, ताप उतरवणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, रक्तदाब सांभाळणे, एवढेच उपचार आहेत. परंतु ते वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो. अंगदुखीसाठी ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत, त्याने रक्तस्राव वाढतो. आपल्या जिल्ह्यात हिवताप, डेंगी आणि लेप्टोही आहेत, त्यामुळे डॉक्टरचीही फसगत होते. म्हणून रुग्णाने किंवा त्याच्या सोबत्याने आपण होऊन सांगितले पाहिजे की, हा माणूस काजूच्या बागेत कामाला होता, अमुक तारखेला गोचीड निघाली, आणि बागेजवळ माकड मेले होते. या तीन वाक्यांनी तपासणीची दिशा बदलते. रक्ताचा नमुना पहिल्याच आठवड्यात घेतला तर विषाणूच सापडू शकतो. उशीर झाल्यास त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधावी लागतात.

लशीविषयी आपल्याला हमखास विचारले जाईल. लस होती. कर्नाटकात १९९० पासून ती देत असत. पहिले दोन डोस, मग काही महिन्यांनी पूरक डोस, आणि त्यानंतरही दरवर्षी एक, असा तिचा लांबलचक क्रम होता. इंजेक्शन दुखे, मजुरी बुडे, लोक टाळत. २००५ ते २०१० या काळातील नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के आणि पूरक डोसासह सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळते असे दिसले. पुढे तिच्या गुणकारितेविषयीच शंका वाढल्या आणि २०२२ साली ती देणे थांबवण्यात आले. नव्या लशीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतले आहे. १९५७ साली सापडलेल्या विषाणूवर इतक्या दशकांनंतरही भरवशाची लस आपल्या हाती नसावी, याचे कारण विज्ञानाच्या मर्यादेत शोधावे तितकेच ते रुग्णांच्या ऐपतीतही शोधावे. हा विषाणू शहरांत, विमानतळांवर फिरणारा असता तर असे झाले असते का?

आणि आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. साथ आली की ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लागते: जंगलात जाणे टाळावे. सूचना लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्याची चूल रानातल्या काटक्यांवर पेटते आणि ज्याचा वर्षाचा रोख पैसा काजूच्या तीन महिन्यांत हातात येतो, त्याला जंगलात जाऊ नका असे सांगणे म्हणजे गिरणी कामगाराला यंत्राजवळ जाऊ नका असे सांगण्यासारखे आहे. गिरणीत यंत्राला जाळी बसवण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी कायदे करून घेतले. काजूच्या बागेत ती जाळी कोणती? गमबूट, दर माणशी तेल, बसायला ताडपत्री, काम सुटल्यावर अर्ध्या तासाची सवड, कढत पाणी, साबण आणि एक चिमटा. यांतील एकही वस्तू महाग नाही. तरीही ज्या बागा ठेक्याने वा लिलावाने दिल्या जातात तेथे या वस्तूंची अट करारात घालावी, असे कोणाला सुचत नाही. दिवस मावळेपर्यंत वेचणी, मग चालत घर, मग स्वयंपाक. अशा बाईला आपण सांगणार की घरी गेल्यावर आधी पाणी तापव, न्हा आणि अंग तपास? ते पाणी तापवायला लागणारे सरपणही तिलाच आणायचे असते. अंग तपासण्याचा वेळ हा कामाचाच वेळ धरला पाहिजे आणि त्याची मजुरी मिळाली पाहिजे, ही मागणी आपण ठामपणे मांडावी.

आपल्याकडील अनेक बागा लहान शेतकऱ्यांच्या आहेत आणि मालक स्वतःच वेचणीला वाकतो, हे मी विसरलेलो नाही. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी तेल, बूट आणि गुरांवरील गोचीडनाशक औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातून व पशुवैद्यकीय दवाखान्यातून, हंगामाच्या आधी मिळाले पाहिजे. ताप सुरू झाल्यावर येणारे तेल काय कामाचे? आणि आंबा-काजूच्या बागा राखण्यासाठी आलेले नेपाळी कुटुंब, परजिल्ह्यातून वा सीमेपलीकडून आलेला मजूर, यांची नावे गावच्या यादीत नसतात. आशा कार्यकर्ती वाडीत फिरते, मांगरात क्वचित पोहोचते. तेथे आपण पोहोचावे.

नुकसानभरपाईच्या कायद्याकडेही या दृष्टीने पाहायला हवे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती ठेवली आहे. तिच्या ‘अ’ भागात, ज्या कामात संसर्गाचा विशेष धोका आहे त्या कामातून जडलेल्या संसर्गजन्य व परोपजीवी आजारांचा समावेश आहे. प्रयोगशाळेतील काम, पशुवैद्यकीय काम, जनावरे व त्यांची मढी हाताळण्याचे काम यांचा उल्लेख तेथे नावाने आहे, आणि शेवटी ‘संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर काम’ असे एक कलम आहे. प्रयोगशाळेतल्या माणसाला स्पष्ट शब्दांत संरक्षण आणि काजू वेचणाऱ्याला ‘इतर’ या शब्दात, हे आपल्या कायद्याचे नेहमीचे वळण. तरी तो ‘इतर’ शब्द आपल्या उपयोगाचा आहे. ‘ब’ भागातील आजारांसाठी सहा महिने सलग नोकरी दाखवावी लागते. ‘अ’ भागाला ती अट नाही, आणि हंगामी मजुराच्या दृष्टीने हाच फरक निर्णायक आहे. ठेकेदाराच्या वा महामंडळाच्या बागेत काम करताना ज्याला हा ताप आला त्याच्या वतीने दावा उभा करता येईल. त्यासाठी तीन कागद लागतील: कामावर असल्याचा पुरावा, गोचीड सापडल्याची तारीख, आणि प्रयोगशाळेचा लेखी अहवाल. अहवाल तोंडी सांगून बोळवण होऊ देऊ नका. प्रत मागून घ्या.

मेलेल्या माकडाविषयी सांगून थांबतो. आपल्याकडे माकडाला हनुमंताचा वंशज मानून त्याचे रीतसर अंत्यकर्म करणारी गावे आहेत, आणि बागेची नासधूस करतो म्हणून त्याला शिव्या देणारीही आहेत. कित्येकदा तीच गावे दोन्ही करतात. श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही. पण बंदीपूरचे वनकामगार आजारी पडले ते मेलेली माकडे हाताळताना, हे सांगितले तर श्रद्धाळू माणूसही ऐकतो. मेलेले माकड दिसले की पन्नास पावले दूर राहावे, मुलांना व कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नये, वनरक्षकाला आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. कळवल्याची वेळ लिहून ठेवावी. त्या जागेभोवती पन्नास मीटर परिघात कीटकनाशक भुकटी मारली जाते. ती मारली गेली की नाही हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि नसल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा कळवावे. तोवर त्या बाजूची वेचणी बंद ठेवण्यास मालकाला सांगावे व त्या दिवसाची मजुरी बुडू नये यासाठी आपण मध्ये पडावे.

माझ्याकडे पाच-सहा चिमटे आहेत. चहा झाल्यावर शेजारच्या गोठ्यात जाऊ. तेथील म्हशीच्या कानामागे गोचिडी आहेत, मी सकाळी पाहून आलो आहे. त्यांची जात वेगळी आहे, आकारही मोठा आहे, पण चिमटा कसा धरायचा ते हाताला कळेल. हातमोजे घातल्याखेरीज कोणी पुढे येऊ नये.